जॉन्सटाउनची बाळं

गावातल्या एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर काढा आणि जन्मतारखांच्या रकान्यावरून नजर फिरवा. १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटेल. माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही हीच तारीख होती. हे कसं होई, ते शिक्षकांना सांगायला नको. बाळाचा जन्म कुठे नोंदवलेलाच नसे. शाळेत घालायची वेळ आली की वडील सांगत, "मोठा पूर आला त्या साली झाला." गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं असं धरत, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बरोबर भरेल अशी तारीख लिहून टाकत.

आज आपण यावर हसतो. पण त्या मुलांना चुकीची का होईना, एक तारीख मिळाली, कारण ती शाळेपर्यंत पोचली. जी बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच गेली, ती ना जन्माच्या वहीत आली, ना मृत्यूच्या. मग एखाद्या सरकारने ठरवलं की बाळं वाचवायची, तर त्याला कसं कळणार की बाळं किती जातात, कुठे जातात आणि का जातात? केलेल्या खर्चाने ती वाचली की नाही, हे तरी कसं कळणार?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काही बायकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी बाळं मोजली, मोजून एक कारण शोधलं, आणि त्या बळावर सरकारकडून एक कायदाही करवून घेतला. फक्त शोधलेलं कारण आणि कायद्याने केलेला उपाय यांची गाठ नीट पडली नाही. ती हकीकत आज वाचण्यासारखी आहे.

कापसावरचा किडा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका पोलाद, रेल्वे आणि शेती यांत आघाडीवर होती. पण देशात दर वर्षी किती बाळं जन्मतात, हे त्या सरकारला माहीत नव्हतं. जन्मनोंद हे राज्यांचं काम होतं, आणि बऱ्याच राज्यांत ते नावापुरतंच चाले. वर्षाला तीन लाखांच्या आसपास बाळं दगावत असावीत असं बोललं जाई, पण तो अंदाजच होता.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत घरोघर फिरून काम करणारी लिलियन वॉल्ड नावाची एक परिचारिका होती. तिची एक गोष्ट सांगतात. १९०३ च्या सुमारास तिने वर्तमानपत्रात वाचलं, की दक्षिणेत कापसाच्या बोंडांत शिरणाऱ्या सोंडकिड्याने पीक खाल्लं म्हणून खुद्द कृषिमंत्री पाहणीला निघाले आहेत. तिच्या वस्तीतली बाळं दर उन्हाळ्यात हगवणीने जात होती, त्यांची पाहणी करायला कुणी निघालं नव्हतं. कापसासाठी सरकारचं खातं आहे, तर मुलांसाठी का नसावं, असा प्रश्न तिने आणि तिची सहकारी फ्लोरेन्स केली हिने मांडला. त्याचं उत्तर मिळायला नऊ वर्षं लागली. ९ एप्रिल १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सही केली आणि 'चिल्ड्रेन्स ब्यूरो' हे खातं जन्माला आलं.

खातं म्हणायचं, पण होती ती पंधरा माणसं आणि वर्षाला २५,६४० डॉलर. अधिकार एवढाच, की मुलांच्या जीवनासंबंधी चौकशी करावी आणि अहवाल द्यावा. कुटुंबप्रमुखाची हरकत असेल तर त्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असंही कायद्यात लिहिलेलं होतं. खात्याच्या प्रमुखपदी ज्युलिया लॅथ्रॉप यांची नेमणूक झाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारातल्या एखाद्या ब्यूरोच्या प्रमुखपदी आलेली ही पहिली स्त्री. शिकागोच्या 'हल हाउस' या संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काढली होती. हातात पैसा नाही आणि सत्ताही नाही, तेव्हा मोजणीपासून सुरुवात करावी, हे त्यांनी ओळखलं.

अंश आणि छेद

अर्भक मृत्युदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी वर्ष पुरं होण्याआधी किती दगावली, ती संख्या. हा अपूर्णांक आहे. दगावलेली बाळं अंशात, जन्मलेली बाळं छेदात. मृत्यूची नोंद त्यातल्या त्यात बरी असे, कारण पुरण्यासाठी परवाना लागे. जन्माला परवाना लागत नाही. म्हणजे अंश अर्धामुर्धा हाती आणि छेदाचा पत्ता नाही. अशा अपूर्णांकाची किंमत कशी काढणार?

लॅथ्रॉपबाईंनी यावर दोन वाटांनी काम सुरू केलं. पहिली वाट महिला मंडळांची. अनेक राज्यांतल्या मंडळांच्या सभासद आपापल्या भागात घरोघर गेल्या, अलीकडे जन्मलेल्या बाळांची यादी केली आणि ती सरकारी नोंदींशी ताडून पाहिली. किती बाळं वहीत नाहीत, हे गावाला गावच्या बायकांनीच दाखवून दिलं. १९१५ साली जनगणना खात्याने 'जन्मनोंद क्षेत्र' आखलं. जिथली नोंद भरवशाची, तेवढीच राज्यं त्यात घ्यायची. पहिल्या वर्षी दहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन एवढीच त्यात बसली. शेवटचं राज्य टेक्सस, ते १९३३ साली आलं.

दुसरी वाट जॉन्सटाउनची.

जॉन्सटाउनला काय दिसलं

जॉन्सटाउन हे पेनसिल्व्हेनियातलं पोलाद कारखान्याचं गाव. ३१ मे १८८९ रोजी वरचं धरण फुटून आलेल्या पुरात तिथे २,२०९ माणसं गेली. तो पूर अमेरिकेत सगळ्यांना माहीत होता. गावातल्या बाळांचे मृत्यू मात्र एकेक करून, घराघरांत होत होते. त्यांची बातमी होत नव्हती.

ब्यूरोने हे गाव निवडलं, कारण ते फार मोठं नव्हतं आणि तिथली जन्मनोंद बरी होती. पद्धत साधी होती, पण त्या काळी नवी होती. सुरुवात मेलेल्या बाळांपासून करायची नाही, जन्मलेल्या बाळांपासून करायची. १९११ या एका वर्षात जन्मलेल्या साधारण दीड हजार बाळांची यादी घेऊन ब्यूरोच्या स्त्री कार्यकर्त्या १९१३ मध्ये प्रत्येक घरी गेल्या. बाळ वर्षभर जगलं का? त्याला काय पाजलं? घरात नळ आहे का? बाप किती कमावतो? उत्तर द्यायची सक्ती नव्हती, तरी जवळजवळ कुठल्याच आईने दार लावलं नाही.

एमा ड्यूक यांनी लिहिलेला अहवाल १९१५ साली निघाला. गावाचा अर्भक मृत्युदर निघाला हजारी १३४. पण सरासरीच्या आत पाहिल्यावर खरं चित्र दिसलं. चांगल्या वस्तीत तो ५० च्या आसपास होता, तर सर्वांत वाईट वॉर्डात २७० च्या वर. परदेशातून आलेल्या आयांच्या बाळांत १७१, तिथेच जन्मलेल्या आयांच्या बाळांत १०४. आणि बापाच्या कमाईप्रमाणे गट पाडले तेव्हा दिसलं, की वर्षाला ५२१ डॉलरपेक्षा, म्हणजे आठवड्याला दहा डॉलरपेक्षा, कमी कमावणाऱ्यांची दर हजारी २५६ बाळं गेली होती. बाराशे डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्यांची ८४.

अहवालातला एक तक्ता वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे. ज्या घरांत आंघोळीचा टब होता, त्यांच्या मानाने टब नसलेल्या घरांत बाळांचा मृत्युदर दुपटीहून जास्त होता. मग सरकारने टब वाटावेत का? मुलांना विचारून पाहा. टब बाळाला वाचवत नाही. ज्या घरी टब आहे तिथे नळ आहे, मोरी आहे, कोरडी जमीन आहे, आणि हे सगळं परवडणारा पगार आहे. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हा धडा यापेक्षा सोप्या उदाहरणाने क्वचितच शिकवता येईल.

मग पगार तरी खरं कारण आहे कशावरून? हाच प्रश्न ब्यूरोने पुढची दहा वर्षं धरून ठेवला. कापडगिरण्यांची, रबराची, बंदराची अशी निरनिराळी शहरं त्याच पद्धतीने पाहिली. आठ शहरांतल्या सुमारे २३ हजार बाळांचा हिशेब रॉबर्ट वुडबरी यांनी १९२५ साली एकत्र मांडला. त्यांनी बाळाचं पोषण, आईचं वय, दोन बाळंतपणांतलं अंतर, घरातली गर्दी असे घटक एकेक करून वेगळे काढून पाहिले. अंगावर पाजलेल्या बाळांपेक्षा वरच्या दुधावरची बाळं तीन-चार पटींनी जास्त जात होती. पण इतर गोष्टी वेगळ्या काढूनही कमाईचा उतार गेला नाही. सर्वांत कमी कमाईच्या गटात हजारी १६७, सर्वांत वरच्या गटात ५९. जॉन्सटाउनला दिसलं ते तेवढ्या गावापुरतं नव्हतं.

पैसे केंद्राचे, काम राज्यांचं

दरम्यान ब्यूरोकडे पत्रं येऊ लागली होती. १९१३ आणि १९१४ साली ब्यूरोने गरोदरपण आणि बाळाचं संगोपन यांवर दोन स्वस्त, सोप्या पुस्तिका काढल्या. त्या लिहिणाऱ्या मेरी मिल्स वेस्ट या पाच मुलांच्या आई होत्या. त्या वाचून देशभरच्या बायका सल्ला विचारू लागल्या. पुढे ही पत्रं वर्षाला लाखाच्या वर गेली. मोंटानाच्या माळरानावरच्या पाहणीत कळलं, की डॉक्टर कित्येक मैल दूर असल्याने बायका शेजारणीच्या किंवा नवऱ्याच्याच हातून बाळंत होतात. १९१७ च्या अहवालात डॉ. ग्रेस मेग्ज यांनी दाखवलं, की १९१३ या एका वर्षात बाळंतपणाशी संबंधित कारणांनी देशात किमान १५ हजार बायका गेल्या. तरुण वयातल्या स्त्रियांचे याहून अधिक मृत्यू फक्त क्षयाने होत होते.

लॅथ्रॉपबाईंनी योजना मांडली. केंद्राने राज्यांना पैसे द्यावेत, आणि राज्यांनी परिचारिका नेमून, तपासणी केंद्रं काढून गावोगाव आयांपर्यंत पोचावं. अमेरिकेच्या कायदेमंडळातल्या पहिल्या महिला सदस्य जेनेट रँकिन यांनी १९१८ साली तसं विधेयक आणलं. ते पडून राहिलं. ऑगस्ट १९२० मध्ये देशभरच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि अडलेली गाडी एकदम चालू लागली. नव्या मतदार बायका काय करतील, याचा पुढाऱ्यांना नेम नव्हता. सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ७ आणि प्रतिनिधिगृहात २७९ विरुद्ध ३९ मतांनी विधेयक मंजूर झालं. २३ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याचा कायदा झाला. मांडणाऱ्या दोघांच्या नावांवरून तो शेपर्ड-टाउनर कायदा म्हणून ओळखला जातो.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी १४ लाख ८० हजार डॉलर, पुढे दर वर्षी १२ लाख ४० हजार. प्रत्येक राज्याला पाच हजार डॉलर तसेच. राज्याने स्वतःचे पाच हजार घातले तर आणखी पाच हजार. उरलेले लोकसंख्येच्या प्रमाणात, तेही राज्याने तेवढीच भर घातली तर. काय करायचं ते राज्याने ठरवायचं, योजना मंजूर करायची केंद्राने. कुठल्याही राज्यावर सक्ती नाही, कुठल्याही आईवर नाही. इमारती बांधायला यातला पैसा वापरायचा नाही. आणि आईला किंवा बाळाला रोख मदत म्हणून एक डॉलरही द्यायचा नाही.

हे शेवटचं कलम पुन्हा वाचा. ब्यूरोच्या आकड्यांनी सांगितलं होतं, की बाळाचं जगणं बापाच्या पगारावर अवलंबून आहे. कायद्याने पैसे दिले ते आईला शिकवण्यासाठी. पगाराला हात लावणं म्हणजे कारखानदारांशी भांडण, आईला बाळाची निगा शिकवण्यात कुणाशीच भांडण नव्हतं. निदान तसं वाटलं होतं.

सात वर्षं

४८ पैकी ४५ राज्यं टप्प्याटप्प्याने सामील झाली. बाहेर राहिली तीन: मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि इलिनॉय. लॅथ्रॉपबाई १९२१ साली निवृत्त झाल्या आणि ग्रेस अ‍ॅबट ब्यूरोच्या प्रमुख झाल्या. राज्याराज्यांत परिचारिका घोड्यावरून, मोटारीतून, चिखल तुडवत फिरू लागल्या. दक्षिणेत सुईणींचे वर्ग भरले, हात कसे धुवायचे, बाळाच्या डोळ्यांत औषध कसं घालायचं, हे तिथे शिकवलं गेलं. सात वर्षांत १,८३,२५२ तपासणी शिबिरं, २,९७८ कायमची केंद्रं आणि ३१ लाखांहून अधिक गृहभेटी झाल्या. केंद्रांत बाळ तपासत आणि सल्ला देत, उपचार करत नसत.

तरी विरोध झालाच. मॅसॅच्युसेट्स राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. केंद्राने राज्याच्या कारभारात लुडबूड केली, असं त्याचं म्हणणं होतं. जून १९२३ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायद्याला समाजवादी ठरवलं. त्या संघटनेच्या बालरोग शाखेने १९२२ साली मात्र उघड पाठिंबा दिला आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. या फुटीतूनच १९३० साली बालरोगतज्ज्ञांची वेगळी अकादमी उभी राहिली. सिनेटमध्ये मिसुरीचे सिनेटर रीड यांनी ब्यूरोतल्या अविवाहित बायका आयांना काय शिकवणार, म्हणून टिंगल केली. मुदत वाढवायची वेळ आली तोवर बायका एकगठ्ठा मत देत नाहीत, हे पुढाऱ्यांना कळून चुकलं होतं. तडजोड झाली ती अशी: दोन वर्षं वाढवून मिळतील, पण ३० जून १९२९ नंतर कायदा संपेल. तो संपला. काही राज्यांनी स्वतःच्या पैशाने काम चालू ठेवलं, अनेकांनी आखडलं, आणि लगेच महामंदी आली.

बाळं वाचली का?

नोंद क्षेत्रातला अर्भक मृत्युदर १९२१ मध्ये हजारी ७६ होता, १९२९ मध्ये ६८ झाला. कायद्याच्या बाजूचे लोक हे आकडे पुढे करतात. पण टबाचा धडा आपण नुकताच घेतला आहे. याच काळात दूध तापवून निर्जंतुक करण्याचे नियम आले, पाणी शुद्ध झालं, पगारही वाढले. शिवाय नोंद क्षेत्रच बदलत होतं. दर वर्षी नवी राज्यं येत, म्हणजे छेदात दर वर्षी वेगळी बाळं.

याचा उलगडा करायचा प्रयत्न कॅरोलिन मोहलिंग आणि मेलिसा थॉमासन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली केला. राज्यांना मोकळीक होती, म्हणून कुणी वर्ग जास्त घेतले, कुणी भेटी जास्त दिल्या. हा फरकच त्यांनी प्रयोगासारखा वापरला. मृत्युदरातल्या घसरणीचा साधारण ९ ते २१ टक्के वाटा या कामाचा असावा, असं त्यांना आढळलं. व्याख्यानं आणि वर्ग यांपेक्षा परिचारिकेची घरी भेट आणि कायमचं केंद्र यांचा उपयोग जास्त झाला, आणि तो डॉक्टरपर्यंत पोच नसलेल्या गौरेतर कुटुंबांत सर्वांत जास्त झाला. म्हणजे अर्धवट उपायही वाया गेला नाही. माणूस घरी आला, पुन्हा आला, तेव्हा बाळं वाचली. पण घसरणीचा बराच मोठा भाग दुसरीकडून आला.

गाठ अजून सैलच

कायदा गेला, पण साचा राहिला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात माता-बालआरोग्यासाठी राज्यांना पुन्हा केंद्राचा पैसा मिळाला. त्या भागाच्या मसुद्यात ग्रेस अ‍ॅबट होत्या. १९८६ साली तीन वर्षांखालच्या, विकासात अडथळे असलेल्या बाळांसाठी राज्यांनी सेवा उभाराव्यात म्हणून कायदा झाला. १९९४ साली गरीब घरांतल्या तान्ह्या बाळांसाठी 'अर्ली हेड स्टार्ट' आलं, आणि २०१० साली गृहभेटींसाठी राज्यांना निधी. केंद्राचा पैसा आणि दारात येणारं माणूस, हे १९२१ चंच सूत्र.

रोख पैशाचं काय? तोही प्रयोग एकदा झाला, बरोबर शंभर वर्षांनी. कोविडच्या काळात जुलै ते डिसेंबर २०२१ या सहा महिन्यांत अमेरिकन सरकारने बहुतेक कुटुंबांना सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिना ३०० डॉलरपर्यंत दिले. जनगणना खात्याच्या पूरक मोजमापानुसार गरिबीतल्या मुलांचं प्रमाण २०२० च्या ९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आलं. योजनेची मुदत वाढवली गेली नाही. २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झालं. १९२९ ची आठवण व्हावी असाच हा शेवट.

२०२२ साली अमेरिकेचा अर्भक मृत्युदर हजारी ५.६ होता. १९१५ च्या नोंद क्षेत्रात तो १०० होता, तेव्हा ही घट प्रचंडच आहे. पण जॉन्सटाउनच्या बायकांप्रमाणे सरासरीच्या आत पाहिलं, तर १९१५ मध्ये कृष्णवर्णीय बाळांचा दर गौरवर्णीयांच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक होता, आणि २०२२ मध्ये तो दुपटीहून जास्त होता. दोन्ही आकडे खाली आले, अंतराचं प्रमाण मात्र कमी झालं नाही.

हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी प्रत्येक बाळ वहीत लिहितं आणि ते कुठल्या घरचं तेही लिहितं. शाळेचं जनरल रजिस्टर असो की अंगणवाडीची नोंदवही, तो रकाना भरताना कंटाळा येतो हे खरं. पण जॉन्सटाउनची बाळं आज आपल्याशी बोलतात ती त्या रकान्यांतूनच. ती जे सांगत होती त्यातलं अर्धं ऐकलं गेलं. उरलेलं अर्धं अजून त्याच वहीत आहे.